राणीछाप रुपया घासू नका

करी रोड, लालबाग, परळच्या चाळींतून अजूनही कितीतरी घरांत देव्हाऱ्यातल्या डबीत किंवा ट्रंकेच्या तळाशी चांदीचे दोन-चार जुने रुपये सापडतात. कुणाच्या पणजोबांनी गिरणीच्या पगारातून मागे टाकलेले, कुणाच्या आजीला लग्नात ओटीत मिळालेले. व्हिक्टोरियाचा राणीछाप, सातव्या एडवर्डचा किंवा पाचव्या जॉर्जचा राजाछाप. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी ते बाहेर निघतात आणि चिंच, लिंबू, राख नाहीतर रांगोळी लावून लख्ख घासले जातात. त्यामागच्या श्रद्धेबद्दल मला आदरच आहे. पण या एका सवयीने मुंबईतली जितकी चांगली नाणी बिघडली, तितकी हाताळून बिघडली नसतील असं माझं मत आहे. नाण्याची प्रत त्याच्या पृष्ठभागावरून ठरते, आणि त्याबद्दल घराघरांत काही पक्के गैरसमज आहेत.

“चकाकतं ते चांगलं”

हा सगळ्यांत मोठा गैरसमज, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. करी रोडहून गाडीत बसलं की पाचवं स्टेशन सीएसएमटी. तिथून जवळच, फोर्टात रिझर्व्ह बँकेसमोर मुंबईची टांकसाळ आहे, 1829 सालची. टांकसाळीत धातूची कोरी चकती दोन पोलादी ठशांच्या मध्ये प्रचंड दाबाखाली येते. त्या क्षणी धातू मधून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक रेषा उमटतात. नव्या नाण्याची मूळ झळाळी या रेषांची असते. असं नाणं एका दिव्याखाली तिरकं धरून सावकाश फिरवलं, तर प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे पृष्ठभागावरून फिरताना दिसतात.

राखेने किंवा रांगोळीने घासलं की या रेषाच खरवडून जातात. चकाकी येते, पण ती सगळीकडून सारखी, सपाट आणि थिजलेली असते. भिंगातून पाहिलं तर एकाच दिशेने गेलेले केसासारखे ओरखडे दिसतात. हळदीकुंकवाचे कण बोटाने पुसले तरी थोडाफार हाच परिणाम होतो. चिंच-लिंबाचं आम्ल आणखी वेगळं काम करतं. जुना रुपया 11.66 ग्रॅमचा, त्यात 91.7 टक्के चांदी आणि बाकी तांबं. आम्ल पृष्ठभागावरचं तांबं आधी उचलतं आणि नाणं निर्जीव, पांढुरकं दिसू लागतं. वर्षानुवर्षं दर दिवाळीला हे झालेलं नाणं अनुभवी माणूस हातात घेताक्षणी ओळखतो.

आज जगभर नाण्यांची प्रत 1 ते 70 या मापाने सांगतात. विल्यम शेल्डन या अमेरिकन अभ्यासकाने ते 1949 मध्ये मांडलं, तेही फक्त जुन्या अमेरिकन सेंटसाठी. पुढे ते सगळ्याच नाण्यांना लागू झालं. अमेरिकेतल्या पीसीजीएस (1986) आणि एनजीसी (1987) या संस्था नाणं तपासून आकड्यासह प्लास्टिकच्या बंद डबीत, म्हणजे स्लॅबमध्ये, घालून देतात. पण घासलेल्या नाण्याला त्या बहुधा आकडाच देत नाहीत. चिठ्ठीवर ‘डिटेल्स’ आणि पुढे ‘क्लीन्ड’ असा शेरा येतो. नक्षी कितीही ठसठशीत असली तरी तो शेरा पुसता येत नाही आणि भाव पडतो तो पडतोच. पूजेला हल्ली सराफाकडे मिळतं ते नवं चांदीचं नाणं घ्यावं आणि ते खुशाल घासावं.

“काळं पडलं म्हणजे खराब झालं”

हवेतल्या गंधकाशी चांदीचा संयोग होऊन सिल्व्हर सल्फाइडचा पातळ थर धरतो. थर जाड होत जातो तसा रंग बदलतो: आधी पिवळसर, मग सोनेरी-तपकिरी, तांबूस, निळा आणि शेवटी काळा. हा थर सारखा आणि नैसर्गिक असेल, खालची झळाळी त्यातून दिसत असेल, तर संग्राहक त्याला दोष मानत नाहीत. उलट नाण्याला कुणी हात लावलेला नाही, याची ती खूण असते. निळ्या-सोनेरी छटा सुंदर आल्या असतील तर लिलावात त्यासाठी जास्त पैसेही मोजले जातात. मात्र अगदी दाट काळा, खरखरीत थर आला असेल तर त्याने खालचा पृष्ठभाग खाल्लेला असतो आणि तिथे प्रत घटतेच. बाजारातल्या ‘सिल्व्हर डिप’मध्ये बुडवलं की काळपटपणा क्षणात जातो, पण थरात अडकलेली चांदीही त्याच्याबरोबर जाते. दोन-चारदा बुडवल्यावर झळाळी उरत नाही.

“झिजलं काय नि घासलं काय, सारखंच”

सारखं मुळीच नाही. हजार हातांतून फिरलेलं नाणं उंच जागांवर आधी झिजतं. राणीच्या गालावर, कानावरच्या केसांत, जॉर्जच्या मुकुटावर आणि दाढीवर. ही प्रामाणिक झीज आहे. तिला प्रतीच्या मापात जागा आहे, त्यासाठी 60 च्या खालचे सगळे आकडे राखून ठेवलेत. वापरलेलं पण न घासलेलं नाणं मानाने विकलं जातं.

इथे 1911 च्या रुपयाची गोष्ट सांगायला हवी. जॉर्जच्या झग्यावर एक छोटासा हत्ती कोरलेला होता. त्याची सोंड इतकी आखूड उतरली की लोकांना तो डुकरासारखा वाटला आणि ओरड झाली. कोलकाता आणि मुंबई मिळून सुमारे 94 लाख रुपये पाडले होते. त्यांतले जेमतेम 7 लाख बाहेर पडले, उरलेले वितळवले आणि 1912 पासून हत्ती सुधारला. संग्राहक आजही या नाण्याच्या सालाइतकंच हत्तीकडे बघतात. घासून घासून तिथला उठाव बोथट झालेला असला, तर दुर्मीळ नाण्याचंही मोल चटकन उतरतं.

एक सावधगिरी. कधीकधी ठसा पुरता बसत नाही आणि कोरंकरकरीत नाणंसुद्धा मध्यभागी झिजल्यासारखं दिसतं. त्या जागी मूळ झळाळी असेल तर ती झीज नव्हे.

“वापरलंच नाही, म्हणजे निर्दोष”

नवी नाणी पोत्यांतून जात, एकमेकांवर आदळत. राणीच्या गालावर त्याचे टवके उठत. 60 ते 70 हे सगळे आकडे न वापरलेल्या नाण्यांचे आहेत, आणि त्यांतला 60 वाला रुपया टवक्यांनी इतका भरलेला असू शकतो की किंचित वापरलेला 58 वाला डोळ्यांना जास्त भावतो.

कडी, भोक आणि सराफाची खूण

माळेत ओवण्यासाठी रुपयाला कडी लावायची पद्धत आपल्याकडे घरोघर होती. कडी काढून डाग घासला तरी कडेची खूण राहते, आणि असं नाणं संग्राहकाच्या लेखी सदोषच. ती माळ तशीच ठेवावी. आजीच्या गळ्यातली वस्तू म्हणून तिचं मोल वेगळं आहे, नाणी सुटी करून ते हातचं जातं. चांदी पारखण्यासाठी सराफांनी मारलेल्या बारीक खुणांनीही प्रत कमी होते, पण त्या व्यवहाराचा पुरावा म्हणून अभ्यासकांना हव्या असतात.

शिवराईचं हिरवेपण

गावाकडून आलेल्या तांब्याच्या शिवराया चिंचेने लालबुंद केलेल्या पाहिल्या की मला खरोखर वाईट वाटतं. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपती’. ही अक्षरं कित्येकदा फक्त त्या तपकिरी-हिरव्या थरात टिकलेली असतात. थर गेला की अक्षरही जातं. शिवराई हातोड्याने पाडलेली, ठशापेक्षा चकती लहान. त्यामुळे अर्धं अक्षर बाहेर राहिलं तर तो नाण्याचा दोष नव्हे, पाडण्याची पद्धतच तशी होती.

एकच अपवाद. फिकट हिरवी, भुकटीसारखी सुटणारी बुरशी दिसली तर ते क्लोराइडचं दुखणं आहे. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत ते पसरतं. असं नाणं इतरांपासून वेगळं, कोरड्या जागी ठेवा आणि जतनतज्ज्ञाला दाखवा.

ठेवायचं कसं

मऊ पीव्हीसीच्या पाकिटांतून काही वर्षांनी हिरवट, चिकट द्रव सुटतो आणि नाणं खातो. रबरबँडमध्ये आणि वर्तमानपत्राच्या कागदात गंधक असतं. मायलारचं पाकीट किंवा कडक प्लास्टिकची कॅप्सूल घ्या, सोबत सिलिका जेलची पुडी ठेवा, पावसाळ्यात ती बदला. नाणं कडेने धरा. बोटाचा ठसा पुढे चांदीत कायमचा उमटतो.

“जुनं म्हणजे लाखांचं”

राणीछाप रुपये कोट्यवधी पाडले गेले. सामान्य सालाच्या, घासलेल्या रुपयाला त्यातल्या साडेदहा ग्रॅमच्या वर चांदीइतकाच भाव येतो. जुन्या नाण्यांना लाखो रुपये देतो म्हणून आधी शुल्क मागणाऱ्या जाहिराती फसव्या असतात. आपल्या नावाचा असा वापर होतोय, हे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर केलं होतं. आणि प्रत ठरवायला नाणं परदेशी धाडायचा विचार असेल तर थांबा. शंभर वर्षांपूर्वीचं नाणं 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, ते खासगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाही. मुंबईतच नाण्यांची प्रदर्शनं आणि लिलाव होतात. तिथे दोन-तीन जाणकारांना नाणं दाखवा, आणि दाखवायला नेताना ते धुऊ-पुसू नका, जसं आहे तसंच न्या.