नाचत फेडलेले नवस

नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात जन्मापासून पांगळ्या असलेल्या एका माणसाची हकिगत आहे. यरुशलेमच्या मंदिराच्या दाराशी तो भीक मागत बसलेला असतो. पेत्र त्याचा हात धरून त्याला उठवतो, पायांत बळ येतं आणि तो उड्या मारतच मंदिरात शिरतो. जुन्या करारात मिर्यामेनं डफ घेऊन धरलेला फेर आहे, कराराच्या कोशापुढे नाचणारा दावीद राजा आहे. पण तो विजयाचा नाच. पांगळ्याच्या उडीआधी कुणीतरी त्याचा हात धरलेला आहे. ख्रिस्ती माणूस जिथे जिथे बरं होण्यासाठी नाचला, तिथे मी हा हात शोधत गेलो. जिथे तो होता तिथे नाच औषध झाला. जिथे सुटला तिथे तोच नाच आजार होऊन बसला.

चर्चच्या अधिकाऱ्यांना हे नाचणं क्वचितच रुचलं. 589 मध्ये तोलेदोच्या धर्मसभेनं संतांच्या सणाला नाचायला बंदी केली. पुढेही बंद्या येतच राहिल्या. म्हणजे लोक काही थांबले नव्हते.

1518 च्या जुलैत स्ट्रासबर्गमध्ये एक बाई रस्त्यावर नाचू लागली ती थांबेचना. काही आठवड्यांत शेकडो लोकांना तीच बाधा झाली. नगराच्या कारभाऱ्यांना वाटलं, मनसोक्त नाचू दिलं की उतरेल. त्यांनी मंच बांधून दिले, वादक बोलावले. साथ उलट वाढली. शेवटी नाचणाऱ्यांना सावेर्नजवळच्या संत व्हायटसच्या देवस्थानी नेलं, त्यांच्या पायांत लाल जोडे घातले, प्रार्थना झाल्या, तेव्हा कुठे ती हळूहळू ओसरली. दुष्काळ, रोगराई आणि संताच्या कोपाची धास्ती यांनी पिचलेली ती माणसं होती. वाजंत्री त्यांना मिळाली होती, पण त्यांचा नाच कुठे जाऊन संपायचा हे कुणी ठरवलेलं नव्हतं.

लक्झेम्बर्गमधल्या एश्टरनाख या गावी हे पक्कं ठरलेलं आहे. 698 मध्ये इथे मठ स्थापणारे संत विलिब्रोर्ड 739 मध्ये वारले आणि तिथेच पुरले गेले. पेन्टेकॉस्टच्या सणानंतरच्या मंगळवारी त्यांच्या कबरीपर्यंत नाचत जायचं, ही प्रथा शतकानुशतकं चालत आली आहे. अपस्मार, झटके, हातापायांची थरथर अशा दुखण्यांसाठी लोक या संताला नवस बोलत. सकाळी मठाच्या अंगणातून मिरवणूक निघते. रांगा बहुधा पाच-पाच जणांच्या, पांढरा शर्ट, गडद पँट किंवा स्कर्ट. कुणी कुणाचा हात धरत नाही. हाताच्या जागी दोघांमध्ये एक पांढरा रुमाल असतो आणि त्याचं एकेक टोक दोघांच्या मुठीत. बँड पोल्काच्या चालीची एकच धून वाजवतो, संपली की पुन्हा पहिल्यापासून. डाव्या पायावर एक उडी, उजव्या पायावर एक, आणि तेवढीच पुढे सरक. पूर्वी तीन पावलं पुढे नि दोन मागे अशी चाल होती. आषाढीच्या वाटेवर पावली खेळणारे वारकरी ज्यांनी पाहिलेत, त्यांना ही लय समजावून सांगावी लागणार नाही. पिंढऱ्या भरून येतात, शर्ट पाठीला चिकटतो, पण रुमाल ताणलेला असल्यामुळे एकटं थांबता येत नाही. शेवटी बॅसिलिकाच्या तळघरात उतरून, कबरीजवळून नाचतच बाहेर पडायचं.

मला सर्वांत मोलाची वाटते ती इथली एक जुनी रीत: ज्याला अंथरुणावरून उठवत नाही, त्याच्या वतीनं धडधाकट माणूस नाचे. दुखणं एकाचं, घाम दुसऱ्याचा! 1777 मध्ये ट्रियरच्या आर्चबिशपनं इथला नाच बंद केला, 1786 मध्ये सम्राट दुसऱ्या जोसेफनं मिरवणूकच मोडली, नाझींनीही ती होऊ दिली नाही, आणि 1944 च्या लढाईत बॅसिलिका उद्ध्वस्त झाली. तरी बॅसिलिका पुन्हा उभी राहिली आणि नाचही. 2010 मध्ये युनेस्कोनं त्याची वारसा म्हणून नोंद केली.

इटलीच्या टाचेवरचं सालेन्तो मात्र अस्वस्थ करतं. तिथे शेतात राबणाऱ्या गरीब बायांना उन्हाळ्याच्या तोंडाशी ‘तारान्ता’ कोळी चावे, आणि तो दरवर्षी त्याच सुमारास पुन्हा चावल्यासारखं होई. मग घरात जमिनीवर पांढरी चादर अंथरली जाई. व्हायोलिन, खंजिरी, अकॉर्डियन घेऊन वादक येत. नार्दो गावचा न्हावी लुइजी स्तिफानी हा त्यातला नामांकित व्हायोलिनवादक. एकेक चाल वाजवून पाहायची; जिला बाईचं अंग उसळून उठेल ती तिच्या कोळ्याची चाल. मग रंगीत फिती पुढे धरायच्या, आवडीचा रंग सापडला की तो घेऊन ती नाचे, कधी दिवस दिवस. बरं वाटलं की 29 जूनला गालातीनाच्या संत पौलाच्या चॅपेलमध्ये जाऊन त्याचे आभार मानायचे. 1959 मध्ये एर्नेस्तो दे मार्तिनो हे अभ्यासक डॉक्टर आणि संगीततज्ज्ञ बरोबर घेऊन तिथे गेले. कोळ्याचं विष हे मूळ नाही, असं त्यांना दिसलं. मनाविरुद्धचं लग्न, मोडलेलं प्रेम, पोरकेपण, असं जे तोंडानं सांगायची सोय नव्हती त्याला त्या नाचानं वर्षातले ठरावीक दिवस दिले होते. चॅपेलमध्ये मात्र वाद्यांना जागा नव्हती. तिथे बाया जमिनीवर सरपटत, किंचाळत आणि भोवती बघ्यांची गर्दी. धर्मानं नवस ठेवला आणि संगीत काढून घेतलं; घरात चादरीवर जे सावरत होतं, ते देवाच्या दारात विस्कटलं. दे मार्तिनोंचं 1961 मधलं पुस्तक वाचताना हे फार लागतं.

अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या किनाऱ्यावर गुलामांनी ‘रिंग शाउट’ जपला. पाय एकमेकांवरून गेले की तो पापी नाच, असं धर्मानं सांगितलेलं. म्हणून पाय न उचलता, घासत, घड्याळाच्या उलट्या दिशेनं गोल फिरायचं. एक जण काठीनं फळीवर ताल धरणार, बाकीचे टाळ्या देत गाणार. विकल्या गेलेल्या, ताटातूट झालेल्या माणसांना त्या गोलात गणगोत मिळालं. मॅकिंटॉश काउंटीत तो आजही नववर्षाच्या आदल्या रात्री होतो.

विसाव्या शतकात वाटा बदलल्या. 1942 मध्ये मॅरियन चेस यांनी वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स मनोरुग्णालयात रुग्णांबरोबर नाचायला सुरुवात केली. तिथून नृत्योपचाराची स्वतंत्र विद्या वाढली. चर्चमधल्या नर्तकांनी 1958 मध्ये ‘सेक्रेड डान्स गिल्ड’ काढली. रोमनं 1975 मध्ये पाश्चात्त्य उपासनेत नाच नको म्हटलं, पण जिथे नाच मुळातच प्रार्थनेचा भाग आहे त्या समाजांचा विचार वेगळा ठेवला, आणि 1988 मध्ये झाईरच्या मिस्साविधीला मान्यता दिली. त्यात वेदीभोवती नाचता येतं.

आपल्याकडे मुंबईत, अंधेरीच्या ज्ञान आश्रमात फादर जॉर्ज प्रोक्श यांनी ख्रिस्ताची कथा भजनांतून आणि नृत्यनाट्यांतून मांडली. भरतनाट्यम शिकलेल्या फ्रान्सिस बार्बोझा यांनी ख्रिस्त, क्रूस, पवित्र आत्मा यांच्यासाठी नव्या हस्तमुद्रा घडवल्या. तिरुचिरापल्लीत कलई काविरी हे कला महाविद्यालय चर्चनंच चालवलं. काम मोठं आहे, आणि नर्तनाला देवाघरची वस्तू म्हणण्याचं धैर्य त्यात आहे. पण हा नाच मंचावरचा. आजारी माणूस त्याच्यासमोर खुर्चीत बसलेला असतो. दुसरीकडे केरळमधल्या मुरिंगूरसारख्या ध्यानकेंद्रांत हजारो दुखणाईत टाळ्या वाजवत, हात उंचावत, डुलत प्रार्थना करतात, तिथे नाच शिकलेलं कुणी पुढे होऊन पावलं घालून देताना दिसत नाही. बार्बोझांच्या तोडीच्या कलावंतानं अशा गर्दीसाठी कुणालाही जमेल अशी दोन पावलांची चाल बसवावी, आणि ज्यांना उठवत नाही त्यांच्या वतीनं नाचायला शेजाऱ्यापाजाऱ्यांना उभं करावं, असं मला मनापासून वाटतं.