दोरीवर टाकलेला भरवसा : जेम्स व्हॅरम यांची नौकाबांधणी

दोन सारख्या, अरुंद होड्या काही अंतरावर समांतर ठेवून आडव्या तुळयांनी जोडल्या म्हणजे कॅटमरान तयार होते. तिची खरी परीक्षा होडी आणि तुळई जिथे एकत्र येतात त्या सांध्यात असते, कारण एक होडी लाटेच्या माथ्यावर आणि दुसरी उतारावर असताना दोघींची ओढाताण तिथेच एकवटते. युरोप-अमेरिकेतील बहुतेक नौकारचनाकारांनी हा सांधा शक्य तितका ताठ केला. मँचेस्टरमध्ये जन्मलेले जेम्स व्हॅरम (१९२८–२०२१) यांनी मात्र तो लवचीक ठेवला आणि पुढच्या काळातील आपल्या नौकांमध्ये तर तो सरळ दोरीनेच बांधला.

ही बांधणी जवळून पाहण्यासारखी असते. लाकडी पोकळ तुळई होडीच्या पाठीवरच्या खाचेत बसवतात आणि न ताणणारी पॉलिएस्टरची दोरी तुळईवरून व होडीच्या अंगाला पक्क्या केलेल्या आधारांतून पुन्हा पुन्हा फिरवतात. प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर न चढता त्याच्या शेजारी बसतो. उभे फेरे पुरे झाले की त्यांच्याच भोवती आडवे फेरे आवळतात, त्यामुळे सैल राहिलेली थोडीफार दोरीही ताठ होते. बांबूची परांची बांधणाऱ्याला हे तत्त्व समजावून सांगावे लागत नाही. अशा सांध्यात होड्यांना किंचित हलायला वाव मिळतो, ताण एका छिद्रापाशी न साचता सगळ्या फेऱ्यांत वाटला जातो आणि झिजलेला फेरा डोळ्यांना दिसतो, तर लाकडाच्या आत गंजणारा बोल्ट बहुधा मोडल्यावरच कळतो. दोरी बदलायला गोदी लागत नाही. शांत खाडी आणि सुरी पुरते.

व्हॅरम यांना ही दिशा प्रशांत महासागरातील पॉलिनेशियन लोकांच्या दुहेरी होड्यांनी दाखवली. फ्रेंच दर्यावर्दी एरिक द बिशॉप यांनी १९३०च्या दशकात तशाच धाटणीच्या नौकेतून हवाईहून फ्रान्स गाठले होते. तरीही त्या बेटवासीयांनी हजारो मैलांचा समुद्र जाणूनबुजून पार केला असेल, यावर पाश्चात्त्य विद्वानांपैकी अनेकांचा विश्वास नव्हता. व्हॅरम यांनी ग्रंथांतल्या या वादाला नौका बांधून उत्तर द्यायचे ठरवले. त्यांची ‘टांगारोआ’ केवळ साडेतेवीस फूट लांब होती. या साडेतेवीस फुटांत रूथ आणि युटा या दोन जर्मन तरुणींसह ते १९५५ मध्ये इंग्लंडच्या फाल्मथ बंदरातून निघाले आणि अटलांटिक ओलांडून त्रिनिदादला पोहोचले. तिथे त्यांनी चाळीस फुटी ‘राँगो’ बांधली, त्या कामी फ्रेंच दर्यावर्दी बर्नार मॉयतेसिए यांचा हात लागला. १९५९ मध्ये ‘राँगो’ने उत्तर अटलांटिक पश्चिमेकडून पूर्वेकडे पार केला, कॅटमरानने हे प्रथमच साधले होते.

पुढील काळात व्हॅरम यांनी नौका बांधून विकण्यापेक्षा आराखडे विकण्यावर भर दिला, आणि हेच त्यांचे सर्वांत टिकाऊ काम ठरले. डच सहकारी हानेके बून यांनी हाताने काढलेल्या चित्रांत प्रत्येक पायरी अशी मांडलेली असते की सुतारकामाचा जेमतेम सराव असलेल्यालाही पुढे काय करायचे ते कळावे. प्लायवूडचे तक्ते आराखड्याप्रमाणे कापतात, कडांना छिद्रे पाडून तांब्याच्या तारेने टाके घालतात, आतल्या कोपऱ्यात भुकटी मिसळलेल्या इपॉक्सीचा गोलसर भराव देतात आणि वर काचतंतूंची पट्टी चिकटवतात. होडीचा छेद इंग्रजी व्ही अक्षरासारखा असल्याने वाऱ्याने आडवे सरकणे कमी होते आणि पाण्याखाली वेगळी खोल फळी बसवावी लागत नाही. असे दहा हजारांहून अधिक आराखडे जगभर गेले.

या पद्धतीची किंमतही मोजावी लागते. व्ही आकारामुळे खोल्या चिंचोळ्या होतात, ओझे फार घेता येत नाही आणि वाऱ्याच्या तोंडावर जाताना या नौका खोल फळीच्या शर्यती नौकांमागे पडतात. यॉट क्लबांच्या वर्तुळात घरी बांधलेल्या या नौकांकडे पुष्कळ काळ नाक मुरडून पाहिले गेले. परंतु आरामाच्या तराजूत तोलणाऱ्यांच्या लक्षात एक गोष्ट येत नाही: साडेतेवीस फुटांची ती नौका महागड्या गोदीत पाऊलही न टाकू शकणाऱ्या माणसासाठी समुद्राचे दार उघडत होती. ते दार बेताच्या पैशांत आणि स्वतःच्या हातांनी उघडता येते, हे व्हॅरम यांनी प्रथम स्वतः करून दाखवले आणि मग इतरांना कागदावर मांडून दिले.

पुढे २००८-०९ मध्ये व्हॅरम आणि बून यांच्या पुढाकाराने, पारंपरिक घाटावर रचलेल्या दोन अडतीस फुटी नौका फिलिपिन्सहून सॉलोमन बेटांतील टिकोपिया व अनुटा येथे नेण्यात आल्या आणि तिथल्या बेटवासीयांच्या हवाली करण्यात आल्या. ज्यांच्या पूर्वजांकडून विद्या घेतली त्यांना ती परत करण्याचा हा मार्ग योग्यच होता.

कोकण किनाऱ्यावरील वाचकाला यात परके काही वाटू नये. होडीच्या एका बाजूला समांतर राहणारा, होडीला उलटू न देणारा तरंगता लाकडी ओंडका, म्हणजेच उलांडी, आडव्या दांड्यांना दोरीने बांधण्याची कला इथल्या मच्छीमारांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. फेरे किती, गाठ कोणती, दोरी भिजल्यावर किती आवळायची, हे सारे प्रामुख्याने हातांत आणि आठवणीत आहे. व्हॅरम यांच्यासारखे पायरीपायरीने काढलेले, मापांसह आराखडे उलांडी होडीचेही व्हायला हवेत, आणि ते ती बांधणारे हात कामात आहेत तोवरच काढून ठेवले पाहिजेत.