एका खाटेवरचे एक कोटी आठ लाख आकडे

आयसीयूतल्या मॉनिटरवर पळणारी हिरवी रेघ दिसायला सलग असली, तरी ती सुट्या मोजमापांची ओळ असते. अमेरिकेतल्या बॉस्टनच्या बेथ इस्राएल रुग्णालयातून संशोधनासाठी जतन झालेल्या ‘मिमिक’ या प्रसिद्ध संग्रहात ही रेघ सेकंदाला १२५ मोजमापं या हिशेबानं साठवलेली आहे. मिनिटाला साडेसात हजार, दिवसाला १ कोटी ८ लाख. हा हिशेब एका माणसाच्या ईसीजीच्या एकाच लीडचा, म्हणजे हृदयाच्या एकाच रेघेचा. तेवढे आकडे सेकंदाला एक याप्रमाणे न थांबता वाचायचे म्हटले, तर १२५ दिवस लागतील.

कोविडच्या सुरुवातीला, एप्रिल २०२० मध्ये, देशात सुमारे ९५ हजार आयसीयू खाटा असल्याचा एक अंदाज प्रसिद्ध झाला होता. या सगळ्या खाटा भरलेल्या आहेत आणि प्रत्येकीवर अशी एकच रेघ चालू आहे असं धरा. एका दिवसात १ लाख २ हजार ६०० कोटी मोजमापं होतात. ती वाचून संपवायला साडेबत्तीस हजार वर्षं लागतील. यात रक्तदाब, श्वास, ऑक्सिजन, व्हेंटिलेटरचे आकडे धरलेलेच नाहीत. आणि यातलं जवळपास सगळं, पेशंट खाटेवरून हलला की पुसलं जातं.

आता ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडकडे येऊ. २०११ च्या जनगणनेत या दोन तालुक्यांची लोकसंख्या मिळून पाच लाखांच्या आसपास होती. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय. पेशंट फारच गंभीर झाला की रेफर: उल्हासनगरचं मध्यवर्ती, कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, ठाण्याचं सिव्हिल, तिथूनही पुढे मुंबई.

समजा, डोळखांबच्या बाजूला एखाद्या पाड्यावर पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या बाईला रात्री मण्यार चावली. मण्यारीचा दंश फारसा दुखत नाही, खूण शोधूनही सापडत नाही. पहाटे पोटात दुखायला लागतं, पापण्या जड होतात, मग गिळता येईना, मग श्वास अपुरा पडायला लागतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात अँटी स्नेक व्हेनम (एएसव्ही) सुरू होतं, साधारण दहा व्हायल. मग १०८ रुग्णवाहिका येते, शहापूर, तिथून पुढे आयसीयू. तिथं ती तीन दिवस व्हेंटिलेटरवर राहिली, तर तिच्या हृदयाची ३ कोटी २४ लाख मोजमापं होतील. सिस्टर तासातासाला नाडी, बीपी, श्वास, ऑक्सिजन, ताप, लघवी लिहितील, म्हणजे दिवसाला १४४ नोंदी. पण सगळ्या उपचाराची दिशा ज्यांवरून ठरते ते आकडे चार-पाचच आहेत. साप चावला कधी, पापण्या पडायला लागल्या कधी, पहिली व्हायल किती वाजता लागली, एकूण किती लागल्या, निघताना ऑक्सिजन किती होता. हे आकडे रेफरच्या चिठ्ठीवर असतात. चिठ्ठीवर घाईत ‘एएसव्ही दिलं’ एवढंच लिहिलं गेलं, तर पुढचे सव्वातीन कोटी आकडे या बाईच्या आजाराची सुरुवात सांगू शकत नाहीत.

अतिदक्षतेतल्या माहितीचं प्रमाणीकरण, म्हणजे ती सगळीकडे एकाच पद्धतीनं नोंदवणं, हा विषय कानाला रुक्ष लागतो. माझ्या मते ग्रामीण पेशंटसाठी एवढा जिव्हाळ्याचा दुसरा विषय कमी असेल, कारण संशोधनात या पेशंटची गणतीच होत नाही.

गणती का होत नाही, हे रक्ताच्या एका रिपोर्टवरून कळेल. घोणस चावलेल्या माणसाच्या प्लेटलेट घसरल्या आहेत. आपल्याकडची एक लॅब लिहिते १.२, म्हणजे लाख. दुसरी लिहिते १,२०,०००. तिसऱ्या लॅबचं मशीन छापतं १२०, म्हणजे हजार. वॉर्डातल्या डॉक्टरला तिन्ही क्षणात कळतात. कॉम्प्युटरनं मात्र हे तीन माणसांचे तीन वेगळे आकडे म्हणून घेतले, तर पहिला मरणाच्या दारात आणि दुसरा त्याच्या एक लाखपट बरा ठरेल. क्रिएटिनिन आपल्याकडे १.२, युरोपातल्या अनेक देशांत तेच १०६. साखर आपल्याकडे १८०, तिकडे १०. ताप १०२ की ३८.९? व्हेंटिलेटरवरचा ऑक्सिजन ४० टक्के की ०.४? एकेक गोष्ट किरकोळ आहे. पण लाखो पेशंट एकत्र केले, की याच किरकोळ गोष्टींवर अख्खा अभ्यास फसतो.

आणि हा गोंधळ गरिबीमुळे होतो असंही नाही. बॉस्टनच्या त्या एकाच रुग्णालयात २००८ च्या सुमारास नोंदींचं सॉफ्टवेअर बदललं. परिणामी ‘मिमिक’च्या तिसऱ्या आवृत्तीत नाडीचे ठोके दोन वेगवेगळ्या क्रमांकांखाली आहेत: जुन्या व्यवस्थेत २११, नव्या व्यवस्थेत २२००४५. ज्याला हे ठाऊक नाही त्याला निम्म्या पेशंटना नाडीच नव्हती असं वाटेल. त्या आवृत्तीत ६१,५३२ आयसीयू मुक्काम आहेत आणि सिस्टर-डॉक्टरांनी भरलेल्या चार्टच्या ३३ कोटींवर ओळी. अॅमस्टरडॅमच्या संग्रहात २३,१०६ मुक्कामांच्या जवळपास १ अब्ज नोंदी आहेत, म्हणजे एका मुक्कामाला सरासरी ४३ हजार. अमेरिकेतल्या २०८ रुग्णालयांनी मिळून २०१४-१५ या दोनच वर्षांतले २,००,८५९ मुक्काम एकत्र केले. हे सगळे संग्रह नियम पाळून जगभरच्या संशोधकांना वापरता येतात. पण ते एकमेकांशी जुळवायचे, तर प्रत्येक तपासणीला, औषधाला, एककाला एकच सामाईक नाव लागतं. त्यासाठी आजारांच्या आणि लक्षणांच्या परिभाषेत साडेतीन लाखांवर संकल्पना आहेत. त्या परिभाषेचा, ‘स्नोमेड सीटी’चा, भारत २०१४ पासून सदस्य आहे आणि इथलं तिचं काम पुण्यातल्या सी-डॅकमध्ये चालतं.

शहापूरच्या पेशंटचा याच्याशी काय संबंध? खूप जवळचा. आयसीयूतला माणूस किती गंभीर आहे हे ठरवायला आपल्याकडेही सर्रास वापरतात तो ‘अपाची टू’ स्कोअर. तो १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला, अमेरिकेतल्या १३ रुग्णालयांमधल्या ५,८१५ पेशंटच्या आधारानं. त्यांत मण्यार चावलेलं कुणी असणं शक्य नाही. मण्यार अमेरिकेत नाहीच. फवारणीचं औषध पोटात गेलेला शेतकरी, भातलावणीनंतर लेप्टोनं कावीळ झालेला मजूर, यांचं मोजमाप आपण दुसऱ्याच माणसांच्या मापानं करत आलो आहोत. आणि भारतात सर्पदंश दुर्मीळ नाही: २००० ते २०१९ या वीस वर्षांत सुमारे १२ लाख मृत्यू झाले असा अभ्यासकांचा अंदाज आहे, वर्षाला सरासरी ५८ हजार.

आपल्याकडे प्रयत्न झालेत. २०१० आणि २०११ मध्ये निवडलेल्या चार दिवशी देशातल्या १२४ आयसीयूंनी एकाच नमुन्यात ४,२०९ पेशंटची माहिती भरली. मुंबईच्या टाटा मेमोरियलचे डॉ. जिगीषु दिवाटिया यांच्या पुढाकारानं झालेला हा ‘इंडिकॅप्स’ अभ्यास आजही आधाराला घेतला जातो. चारच दिवस, पण सगळ्यांचे प्रश्न तेच आणि उत्तराची एककंही तीच. २०१९ पासून ‘आयरिस’ ही भारतीय आयसीयूंची रजिस्ट्री सुरू आहे. आयसीएमआरच्या परळच्या प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेनं सर्पदंशाच्या राष्ट्रीय प्रकल्पासाठी महाराष्ट्रातून दोन तालुके घेतले: गडचिरोलीतलं अहेरी आणि आपलं शहापूर. मार्च २०२४ मध्ये केंद्रानं २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणायचं ठरवलं, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात सर्पदंशाची नोंद सक्तीची करावी, असं राज्यांना कळवलं.

एक भीती रास्त आहे, ती टाळून पुढे जाता येणार नाही. पन्नास घरांच्या पाड्यावर ‘जुलैत मण्यार चावलेली बाई’ एकच असते. नाव खोडलं तरी ओळखू येते. बॉस्टनवाल्यांनी ‘मिमिक’च्या तिसऱ्या आवृत्तीत यावर काढलेला उपाय मला फार आवडतो. त्यांनी प्रत्येक पेशंटच्या सगळ्या तारखा एकत्रितपणे पुढे सरकवल्या, इतक्या की उपचार २१०० ते २२०० या सालांत झालेले दिसतात. एकोणनव्वदच्या पुढच्या म्हाताऱ्यांचं वय तीनशेच्या वर दिसतं. पण दिवसातली वेळ, आठवड्याचा वार आणि साधारण ऋतू त्यांनी तसाच ठेवला. आपल्याला हेच हवं. सन २१५० चालेल, पण पावसाळा पावसाळाच राहिला पाहिजे आणि पहाटेचे तीन तीनच. गावाचं नाव मात्र संग्रहात जाताच कामा नये, तालुक्याच्या पातळीवर थांबावं. आणि त्या बाईला किंवा तिच्या घरच्यांना हे तिच्या भाषेत सांगून विचारलेलं असावं.

डोळखांबच्या आरोग्य केंद्रात यासाठी महागडं मशीन लागत नाही. रेफरच्या चिठ्ठीवर छापील पाच चौकोन, चोवीस तासांच्या घड्याळातली वेळ, व्हायलची संख्या आणि एक क्रमांक, जो १०८ मध्ये, शहापूरला आणि शेवटच्या आयसीयूत तोच राहील. आज प्रत्येक दवाखान्याचा केसपेपर नवा, क्रमांक नवा. त्यामुळे उल्हासनगरच्या डॉक्टरांपुढची बाई तिथं पोचल्याच्या मिनिटापासून सुरू होते, त्याआधीचे चार-पाच तास कुठंच नसतात.

मण्यारीचं विष नसांच्या टोकांना एकदा धरून बसलं, की औषधानं ते सुटत नाही, म्हणून लवकर दिलेलं एएसव्ही कदाचित व्हेंटिलेटर टाळू शकेल. किती लवकर? दोन तास, चार तास, की त्यानं फरकच पडत नाही? हे सांगायला पहिल्या व्हायलच्या वेळेतून दंशाची वेळ वजा करायची आणि पुढे पेशंट किती दिवस व्हेंटिलेटरवर राहिला ते पाहायचं, असं शेकडो पेशंटच्या बाबतीत. यातला शेवटचा आकडा आयसीयूत मिळतो. पहिले दोन शहापूर-मुरबाडलाच लिहावे लागतील.