वर न चढणारी क्लेमॅटिस

क्लेमॅटिस म्हटले की कमानीवर चढलेला, बशीएवढ्या जांभळ्या फुलांचा वेल आठवतो. इंग्लंडमधल्या बागांचे फोटो पाहिलेल्यांना तर हमखास. पण याच प्रजातीत काही मंडळी अशी आहेत, की ती कुठे चढतच नाहीत. गुडघ्याएवढी, फार तर छातीएवढी वाढतात, उन्हाळ्यात फुलतात आणि थंडीत बहुतेक जमिनीपर्यंत वाळून जातात. ही झुडपी क्लेमॅटिस. मला विचाराल, तर थंड मुलखातल्या छोट्या बागेला मोठ्या वेलापेक्षा हीच बरी.

ती चढत का नाही? क्लेमॅटिसला काकडीसारखे तणावे नसतात. ती आधार पकडते पानाच्या देठाने. चार्ल्स डार्विनने वेलींच्या हालचालींवरचा दीर्घ निबंध १८६५ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात क्लेमॅटिसच्या अनेक जाती तपासल्या आहेत. कोवळा देठ काडीने हलकेच घासला तरी तो त्या बाजूला वाकतो. आधार मिळाला की विळखा घालतो आणि मग जाड, टणक होतो. आता क्लेमॅटिस इंटेग्रिफोलिया पाहा. तिचे पान अखंड आणि थेट खोडाला चिकटलेले. देठ जवळजवळ नाहीच. पकडायला हातच नाहीत, तर चढणार कशाने? मध्य युरोपपासून मध्य आशियापर्यंतच्या गवताळ माळांवर ती शेजारच्या गवताला रेलून उभी राहते. खाली मान घातलेल्या निळ्या घंटेसारखे तिचे फूल असते. त्या चार निळ्या पाकळ्या खरे तर निदले आहेत. पाकळ्या या फुलाला नसतातच.

क्लेमॅटिस रेक्टा ही युरोपातलीच, पांढऱ्या चांदण्यांसारख्या फुलांची. चीनकडची हेराक्लेइफोलिया बुंध्याशी थोडी लाकडी असते आणि उन्हाळा सरताना निळी, नळीदार फुले देते. फ्रान्समध्ये ल्योंच्या द्युराँ बंधूंनी १८७० च्या सुमारास इंटेग्रिफोलियाचा जॅकमनी या वेलाशी संकर केला. त्यातून आलेली ड्युरँडी अंगाने बरीच उंच, पण पकड मात्र आईबापांपैकी न चढणाऱ्याची.

निगेचे सारे गणित एका गोष्टीवर आहे: या झुडपांना फूल येते ते त्याच वर्षीच्या नव्या फांदीवर. म्हणून थंडी ओसरताना, नवे कोंब दिसू लागले की जुनी वाळलेली खोडे जमिनीलगत छाटायची. बिचकायचे कारण नाही. हेराक्लेइफोलियाचा मात्र लाकडी बुंधा ठेवून, सशक्त डोळ्याच्या वर कात्री चालवावी. माती पाण्याचा निचरा होणारी, पण ओल धरणारी हवी. साचलेल्या पाण्यात मुळे कुजतात. डोक्यावर ऊन आणि बुंध्याशी पालापाचोळ्याचे आच्छादन असले की झाड खूश असते. वसंतातच भोवती चार फांदेरी काटक्या खोचाव्यात, नाहीतर पहिल्या जोरदार पावसात सगळे आडवे होते. गुलाबाच्या झुडपात रेलू दिली तर काटक्यांचीही गरज नाही. मोठ्या फुलांच्या वेलांना बुरशीमुळे अचानक माना टाकण्याचा रोग होतो, त्याचा त्रास यांना फारसा नसतो. छाटताना हातमोजे घालावेत. पाने चुरगळली की त्यातून प्रोटोॲनेमोनिन नावाचे दाहक द्रव्य तयार होते आणि कातडीवर फोड येऊ शकतात. फ्रान्समध्ये क्लेमॅटिस विटाल्बाला ‘भिकाऱ्यांची वनस्पती’ म्हणतात, कारण तिच्या रसाने अंगावर फोड उठवून भिकारी लोकांची कीव मिळवत. पाने वाळली की मात्र त्यांचा दाहकपणा निवतो.

लंडनला किंवा न्यू जर्सीला राहणाऱ्या वाचकांनी ही झुडपे बेलाशक लावावीत. पुणे-नागपूरकरांनी मोह आवरावा. जमिनीखाली झोप घ्यायला त्यांना कडक थंडी लागते, ती आपल्याकडे नाही. शिवाय आपल्याकडे त्यांची बहीण आहेच! सह्याद्रीत पावसाळा सरताना झुडपांवर पसरलेली मोरवेल, रानजाई हीसुद्धा क्लेमॅटिसच. देठाने पकडणारी, पांढऱ्या फुलांची. फुले झाली की तिच्या प्रत्येक बीला पिसासारखी शेपटी फुटते आणि वाऱ्यावर म्हाताऱ्या उडू लागतात. कुंपणावर हवी असेल, तर रस्त्याकडेच्या वेलीचे मूठभर पिकलेले बी आणा. वेल मुळासकट उपटून आणू नका.