प्रयोगशाळेंतून बाहेर पडलेलीं माणसें

गेल्या बैठकीनंतर सोमाटणें येथील एका सभासदांनीं आम्हांस बाजूस घेऊन एक प्रश्न विचारला. त्यांची मुलगी सूक्ष्मजंतुशास्त्राची पदवी घेऊन पुढें संशोधनाच्या प्रयोगशाळेंत जाऊं इच्छिते. त्यासाठीं भाताचें खाचर गहाण टाकावें काय, आणि प्रयोगशाळेंतील पांच वर्षें सरल्यावर त्या मुलीनें पुढें करावयाचें काय, असा त्यांचा प्रश्न होता. मावळांतील जमिनीस आज जो भाव आला आहे तो पाहतां, एकदां हातची गेलेली जमीन शेतकऱ्याच्या घरीं पुन्हां येत नाहीं, हें सर्वांस ठाऊक आहे. म्हणून या प्रश्नास वरवरचें उत्तर देऊन भागणार नाहीं. जुन्या प्रयोगशाळांतून बाहेर पडलेलीं माणसें कोठें गेलीं व त्यांच्या हातून काय झालें, हें पाहूनच उत्तर द्यावें, असें आम्हांस वाटतें.

प्रथम हें समजून घेतलें पाहिजे कीं, अशा प्रयोगशाळेंत मनुष्य शिकतो तें काय. डोळ्यांस न दिसणारा एकच जंतु इतरांची भेसळ न होऊं देतां वाढविणें, भांडीं व हात निर्जंतुक राखणें, आणि रोजच्या कामाची नोंद खरी ठेवणें, हीं तीन कामें तेथें अंगीं मुरतात. घरची गृहिणी विरजण राखते किंवा आपण बियाण्याच्या वाफ्यांतील भेसळीचीं रोपें उपटून काढतों, त्याचाच हा फार काटेकोर प्रकार होय. ही विद्या माणसाच्या हातांत राहते, व तो मनुष्य जेथें जाईल तेथें ती त्याच्याबरोबर जाते.

आतां परळच्या प्रयोगशाळेचा दाखला घेऊं. मुंबईस १८९६ सालीं प्लेगची सांथ आली, तेव्हां वाल्देमार हाफकिन या जंतुशास्त्रज्ञांस तेथें पाठविण्यांत आलें. त्यांनीं प्लेगची लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. १८९९ सालीं त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या सरकारी वाड्यांत गेली. परंतु १९०२ सालीं पंजाबांतील मुलकोवाल गांवीं लस टोचलेलीं १९ माणसें धनुर्वातानें दगावलीं. दोष प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांस परळ सोडावें लागलें. बाटली गांवांत उघडतांना हयगय झाली होती, असें पुढें दिसून आलें व १९०७ सालीं ते दोषमुक्त झाले. तथापि त्यापुढील नोकरी त्यांनीं कलकत्त्यास केली. परळच्या संस्थेस त्यांचें नांव मिळालें तें १९२५ सालीं. प्रयोगशाळेंतून निघणारी वाट नेहमींच सरळ असते असें नाहीं, हें या पहिल्याच उदाहरणावरून ध्यानांत यावें.

याच संस्थेंत राहून लुसी विल्स या इंग्रज विदुषींनीं १९२८ पासून कांहीं वर्षें मुंबईच्या गिरणीकामगार स्त्रियांस गरोदरपणीं होणाऱ्या पांडुरोगाचा अभ्यास केला. यीस्टच्या अर्कानें तो बरा होतो, असें त्यांनीं दाखवून दिलें. त्या अर्कांतील गुणकारी द्रव्यास आज फॉलिक आम्ल म्हणतात, आणि गांवोगांवच्या आरोग्यकेंद्रांत गरोदर स्त्रियांस लोहाबरोबर मिळणाऱ्या गोळ्यांत तें असतें. बाई पुढें लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयांत परत गेल्या. त्यांचें काम मात्र आपल्या घरांपर्यंत पोंचलें.

साहिबसिंग सोखी हे १९३२ पासून १९४९ पर्यंत हाफकिन संस्थेचे संचालक होते. तेथून ते जागतिक आरोग्य संघटनेंत गेले व १९५२ सालीं राज्यसभेचे सभासद झाले. पेनिसिलिन आपल्या देशांतच तयार व्हावें यासाठीं त्यांनीं मोठी खटपट केली. सोमाटण्याहून पुण्याकडे जातांना जी पिंपरी लागते, तेथें १९५४ सालीं जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या मदतीनें हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना स्थापन झाला.

पिंपरीच्या संशोधनाची धुरा वाहणारे एम. जे. तिरुमलाचार हे मुळांत पिकांच्या रोगांचे अभ्यासक. भारतांतील काणी रोगाच्या बुरशींवर त्यांनीं बी. बी. मुंडकूर यांजसह लिहिलेला ग्रंथ १९५२ सालीं निघाला होता. पिंपरीस आल्यावर तेथील मातींतल्या एका जंतूपासून त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हॅमायसिन हें बुरशीनाशक औषध शोधिलें, आणि त्या जंतूस पिंपरीचेंच नांव दिलें. ऑरिओफंजिन हें त्यांचें दुसरें औषध भातावरील करपा व लिंबूवर्गीय झाडांवरील डिंक्या या रोगांवर वापरण्यांत आलें. शेतीकडून औषधांच्या कारखान्यांत गेलेली विद्या अशी पुन्हां शेतकऱ्याच्या बांधावर आली. तो कारखाना पुढें आर्थिक अडचणींत सापडला. तेव्हां संस्था मोठी आहे एवढ्यावरच जन्माचा भरंवसा ठेवूं नये.

पुण्याचें उदाहरणही असेंच बोलकें आहे. पूनावाला यांच्या घोडपैदाशींतील घोडे रक्तद्रवासाठीं हाफकिन संस्थेस जात असत. सायरस पूनावाला यांनीं १९६६ सालीं सीरम इन्स्टिट्यूट काढली, तेव्हां परळास काम शिकलेलीं माणसें त्यांच्या उपयोगी पडलीं. आरंभींचें मुख्य काम धनुर्वातावरील औषधाचें होतें; म्हणजे ज्या रोगामुळें हाफकिन यांस परळ सोडावें लागलें, त्याच रोगावरील उपाय परळच्या शिष्यांनीं पुण्यास केला.

येणेंप्रमाणें प्रयोगशाळेंतून दुसऱ्या प्रयोगशाळेंत, रुग्णालयांत, कारखान्यांत व सार्वजनिक कामांत जाणाऱ्या वाटा स्पष्ट दिसतात. शेतीकडे येणारी वाट त्यांमानानें अरुंद आहे, परंतु आहे. द्विदल पिकांच्या बियाण्यास लावावयाचें जिवाणूसंवर्धन जिवंत आहे कीं मेलेलें, दुधांत दोष कोठें शिरतो, खाचरांतील करपा कशामुळें वाढला, हीं सर्व कामें याच विद्येचीं आहेत. वडगांवच्या संशोधन केंद्रांतून निघालेल्या इंद्रायणी भातानें मावळाचें किती हित केलें, हें आम्हीं सांगावयास नको. तसेंच काम जंतुशास्त्र शिकलेल्या मुलामुलींच्या हातून कां होऊं नये?

आतां मूळ प्रश्नाचें उत्तर. खाचर गहाण टाकूं नये. संशोधनवृत्तीसाठीं राष्ट्रीय परीक्षा असतात. त्यांत वरच्या श्रेणींत उत्तीर्ण होणारांस संशोधनाच्या काळांत दरमहा वेतन मिळतें. मुलीनें प्रथम त्या परीक्षेची तयारी करावी. दुसरें असें कीं, प्रयोगशाळा निवडतांना तिची इमारत व यंत्रें पाहून भुलूं नये. गेल्या दहा वर्षांत तेथून बाहेर पडलेले विद्यार्थी आज कोठें आहेत, त्यांस किती वर्षें लागलीं, आणि त्यांनीं केलेल्या कामावर त्यांचीं नांवें छापलीं गेलीं काय, हे तीन प्रश्न विचारावे. आणि जमल्यास त्या विद्यार्थ्यांपैकीं दोघांतिघांशीं मुलीनें स्वतः बोलावें. बियाणें घेतांना आपण शेजाऱ्याच्या शेतांतील त्याचें पीक पाहतों, तसेंच हें आहे. ज्या प्रयोगशाळेस या प्रश्नांचें उत्तर देतां येत नाहीं, तिच्या वाटेस जाऊं नये.

राहिली ती आपली जबाबदारी. मुलगी शिकून परत यावी असें म्हणतांना, ती परत आल्यास तिला देण्यासारखें काम आपल्याजवळ असलें पाहिजे. संस्थेनें जिवाणूसंवर्धन व दूध यांची तपासणी करणारी एक लहान खोली उभारावी, अशी सूचना आम्ही पुढील बैठकीपुढें ठेवणार आहों. सभासदांनीं त्या दिवशीं आपलें मत अवश्य मांडावें.