राखेखालचा निखारा

बाप्तिस्मा झालेला, नाताळला चर्चमध्ये हजेरी, एरवी मात्र मिस्सेकडे (चर्चमधील सामूहिक उपासनेकडे) पाठ. अशा दुरावलेल्यांची श्रद्धा पुन्हा फुलवण्याच्या प्रयत्नाला कॅथलिक चर्च ‘नवसुवार्ताप्रसार’ म्हणते.

• १९६३ : दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेतील उपासनेला वाट मोकळी करून दिली. पुढे वसईच्या चर्चमध्ये लॅटिनच्या जागी मराठी मिस्सा आली.

• १९६७ : अमेरिकेत पिट्सबर्गच्या द्युकेन विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या प्रार्थना-शिबिरातून कॅथलिक कॅरिस्मॅटिक चळवळ उभी राहिली. उत्स्फूर्त प्रार्थना, मोकळे गायन आणि स्वानुभवाची साक्ष ही तिची ओळख.

• १९८३ : हैतीमध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी सुवार्ताप्रसाराचा उत्साह, पद्धत आणि अभिव्यक्ती ही तिन्ही नवी हवीत, असे आवाहन केले.

• १९९० : त्यांच्याच ‘रेदेम्प्तोरिस मिस्सिओ’ या परिपत्रकाने बाप्तिस्मा घेऊनही श्रद्धेपासून तुटलेल्यांचा वेगळा विचार केला.

• २०१० : पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी नवसुवार्ताप्रसारासाठी व्हॅटिकनमध्ये स्वतंत्र विभाग स्थापला. ऑक्टोबर २०१२ ते नोव्हेंबर २०१३ हे ‘श्रद्धावर्ष’ म्हणून पाळले गेले.

• २०१३ : पोप फ्रान्सिस यांचे ‘एव्हान्जेलिई गाउदियुम’, म्हणजे ‘सुवार्तेचा आनंद’, हे प्रबोधनपत्र आले. चर्चची दारे उघडी ठेवा आणि प्रवचन आटोपशीर करा, असे त्यात धर्मगुरूंना बजावले आहे.

मराठीतला दुवा : बायबल सोप्या मराठीत घरोघरी पोहोचावे, या ध्यासातून वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले. त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला.