सर्व्हर, कंटेनर आणि सभासदांची नोंदवही

विषयाचे नाव रुक्ष आहे, हे आम्हांस ठाऊक आहे. तथापि ज्या शिक्षणसंस्था, पतपेढ्या वा ग्रंथालये स्वतःचा सर्व्हर चालवितात, त्यांच्या सभासदांच्या खाजगी कागदपत्रांची सुरक्षितता पुष्कळ अंशी याच प्रश्नावर अवलंबून असते.

कंटेनर म्हणजे एखादा प्रोग्रॅम आणि त्याला लागणारी सामग्री एका वेष्टनात बांधून कोणत्याही सर्व्हरवर चालविण्याची रीत. २०१३ साली डॉकर आले आणि ही रीत सर्वत्र रूढ झाली. कंटेनर जपून ठेवावयाचा नसतो. नवी आवृत्ती आली की जुना टाकून नवा उभा करतात. मुद्दाम बाहेर ठेवलेली माहिती तेवढी टिकते. आता फायलींसाठी एक, पत्रव्यवहारासाठी दुसरा, असे पाच कंटेनर असले आणि प्रत्येकाने आपापली यादी ठेवली, तर एकाच शिक्षिकेची पाच खाती होतात. ती नोकरी सोडून गेली की चार बंद होतात. पाचवे विसरले जाते. खरा धोका त्या पाचव्यात असतो.

उपाय उघड आहे : नोंदवही एकच असावी. परंतु निरनिराळ्या लोकांनी लिहिलेले प्रोग्रॅम ती वाचणार कसे? कुर्डुवाडीस पूर्वी नॅरोगेजचा माल उतरवून ब्रॉडगेजवर चढवावा लागे, हे पुष्कळांच्या ऐकिवात असेल. रुळांचे माप एक असले म्हणजे ती यातायात वाचते. संगणकातही अशी सर्वमान्य मापे ठरलेली आहेत.

पहिले एलडॅप. मिशिगन विद्यापीठातील मंडळींच्या पुढाकाराने १९९३ साली ते मानकरूपाने प्रसिद्ध झाले. यात नोंदवही एका जागी असते. परंतु नेहमीच्या पद्धतीत सभासद आपला पासवर्ड प्रोग्रॅमच्या हाती देतो व प्रोग्रॅम तो वहीकडून पडताळून घेतो. दुसरे, २०१४ मधील ओपनआयडी कनेक्ट. यात पासवर्ड प्रवेशद्वारापाशीच राहतो. द्वारपाल सही केलेला, मुदतीचा दाखला देतो आणि प्रोग्रॅम तो दाखला तपासतो. तिसरे स्किम, त्याची दुसरी आवृत्ती २०१५ ची. नवा सभासद आला, जुना गेला, ही वार्ता ते प्रत्येक प्रोग्रॅमला पोचविते.

मग निवड कशी करावी? प्रोग्रॅम घेण्यापूर्वीच त्याला ओपनआयडी कनेक्ट समजते की नाही, हे विचारावे. न समजल्यास निदान एलडॅप तरी समजावे. की-क्लोकसारखा मुक्त द्वारपाल उपलब्ध आहे. उद्या तो बदलावासा वाटला, तरी मानक तेच असल्याने बाकीचा संसार मोडावा लागत नाही. सभासदाची ओळख ई-मेलवरून ठरवू नये, कारण पत्ता बदलतो, क्वचित दुसऱ्यालाही मिळतो. द्वारपालाने दिलेला कायम क्रमांक धरावा.

दार एकच झाले की ते बंद पडल्यास सारेच अडते, असा आक्षेप कोणी घेईल; तो रास्त आहे. म्हणून नोंदवहीची प्रत नित्य काढावी, दाराला दुसरे कुलूप असावे, आणि अडचणीच्या वेळेसाठी व्यवस्थापकाचे एक स्वतंत्र खाते मोहोरबंद ठेवावे. शिवाय खाते बंद केले तरी आधी उघडलेले सत्र काही काळ चालू राहू शकते, तेही संपवावे.

दोन माणसे व एकच प्रोग्रॅम असेल, तर एवढा खटाटोप नको. परंतु तिसरा प्रोग्रॅम येण्याआधी हा विचार व्हावा. कारण विखुरलेल्या याद्या मागाहून एकत्र करणे, हे पहिल्यापासून एक वही ठेवण्यापेक्षा फार कष्टाचे काम आहे.